मागच्या खोलीतले चेअरमन

माइकवरून "चेअरमनसाहेबांनी स्टेजवर यावं" असं पुकारलं आणि अण्णा उठले.

टोपी नीट केली, दोन खुर्च्या ओलांडून मधल्या वाटेवर आले आणि स्टेजकडे चालायला लागले. पाच-सहा पावलं गेले असतील, तेवढ्यात पलीकडच्या रांगेतून बबनराव उठले. माइकवरच्या गुरुजींनी पुढे नाव घेतलं ते बबनरावांचं. चेअरमन आता बबनराव होते. त्याला चार वर्षं झाली होती.

लग्नाचा मांडव माणसांनी भरलेला. मी बायकांच्या बाजूला बसले होते, तिथे एकीने तोंडाला पदर लावला. मग पुरुषांच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, "अण्णा, मागं या. सवय जाईना व्हय?" आणि मांडव हसला. नवऱ्याकडची पाहुणी माणसं, ज्यांना काही माहीत नव्हतं, तीही हसली.

अण्णा वाटेत थांबले. पुढे गेले नाहीत आणि मागेही फिरले नाहीत. नमस्कारासाठी हात छातीपर्यंत आले होते, ते तसेच राहिले. बबनराव त्यांना वळसा घालून गेले, रस्त्यात उभ्या बैलाला घालतात तसा. स्टेजवर जाऊन त्यांनी टॉवेल-टोपी घेतली, नारळ घेतला. टाळ्या झाल्या. अण्णा अजून तिथेच उभे होते.

मी माणसं मरताना पाहिली आहेत, माझा नवराही त्यात आला. हे त्याहून वाईट होतं असं मी म्हणणार नाही. पण मी मान खाली घातली, एवढं खरं.

अण्णा माझ्या नात्यागोत्याचे नव्हते. मखमलाबादच्या वाटेवर आमचा फुलांचा मळा आहे. गुलाब, शेवंती, झेंडू. नवरा गेल्यावर मी आणि माझा मुलगा दत्तू आम्ही तो बघायचो. मळ्यात मागच्या बाजूला एक खोली होती, खतं ठेवायची. ती झाडून, चुना मारून भाड्याने दिली. नव्वद सालानंतरची गोष्ट. अण्णांचा मेहुणा त्यांना घेऊन आला. दोन पेट्या, भांड्यांचं एक पोतं, हात असलेली एक सागवानी खुर्ची, अण्णा आणि त्यांची बायको सुमनवहिनी. मेहुणा म्हणाला, "दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. गाव शांत झालं की जातील." अण्णा पंधरा वर्षं राहिले.

त्यांनी काय केलं होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढे कोणाला त्यांची दया आली तर हेही लक्षात राहील. निफाडकडचं गाव. नाव लिहीत नाही, तिथे त्यांची माणसं आहेत. अण्णा अठरा वर्षं पाणी सोसायटीचे चेअरमन होते. पाटाचं पाणी कोणाला कधी सोडायचं ते अण्णा सांगायचे, म्हणजे गाव अण्णांचंच. सरपंच कोण होणार ते ओट्यावर बसून ठरवायचे. त्यांची जीप आल्याशिवाय गावात लग्न लागत नसे. नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना घाम पुसत उभे राहायचे. खालच्या शिवारातली काही माणसं एका निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभी राहिली. अण्णा निवडून आले आणि त्यांनी खालच्या चारीचं, म्हणजे त्या शिवाराला पाणी नेणाऱ्या लहान पाटाचं, गेट बंद केलं. जानेवारी महिना, द्राक्षाच्या मण्यात पाणी भरायचे दिवस. तीन आठवडे गेट उघडलं नाही. रामा म्हणून एक होता, त्याची बाग उभी वाळली. त्याने कुऱ्हाडीने ती तोडली आणि वेलांची खोडं बैलगाडीतून आणून सोसायटीच्या दारात ओतली.

पुढच्या निवडणुकीत अण्णांची एकही जागा आली नाही. त्यांच्या घरावर दगड पडले. मग गाव मारुतीच्या देवळापुढे बसलं आणि ठरलं की अण्णांनी देवापुढे उभं राहून सगळ्यांदेखत "चुकलं" म्हणावं आणि खुशाल राहावं. नाहीतर त्यांच्या शेतात कोणी कामाला जायचं नाही, त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. अण्णा म्हणाले, "आपण चुकलो नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो भरला.

माझ्याकडे आले तेव्हा त्यांना फाटक उघडता येत नव्हतं. मी थट्टा करत नाही. पहिल्या आठवड्यात एकदा ते बाजारातून आले आणि फाटकापुढे उभे राहिले. नुसती कडी होती, वर उचलायची. मी वाफ्यातून बघत होते. खोकले. पुन्हा खोकले. मी काही उठले नाही, हात चिखलाचे होते. शेवटी हाक मारली, "अहो, फाटक!"

मी म्हटलं, "आहे की फाटक. तुमच्या समोरच आहे."

मग उघडलं. कडी कशी उचलायची ते त्यांना दोनदा बघावं लागलं.

त्यांच्या तोंडात "मी" हा शब्द नव्हता. आपण असं केलं, आपण तसं सांगितलं. आणि कोणी काही मागितलं की म्हणायचे, "अर्ज द्या." सवयच होती. एकदा मी सांगितलं, तुमच्या नळाचं पाणी माझ्या शेवंतीत जातंय, तोटी नीट बंद करत जा. ते पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "अर्ज देऊन ठेवा."

आतून वहिनी हसल्या. त्या फार हसत नसत. म्हणाल्या, "भागाबाई, अर्जावर तिकीट लावा हं, नाहीतर पुढं जात नाही."

अण्णांनी पेपर खाली घेतला. मला वाटलं चिडतील. ते उठले आणि तोटी बंद करून आले.

रोज सकाळी नऊ वाजता ते कडक पांढरे कपडे घालून खुर्ची बाहेर काढायचे आणि रस्त्याकडे तोंड करून बसायचे. कपडे वहिनी धुवायच्या, तांदळाच्या पेजेची खळ लावायच्या आणि पितळी तांब्यात निखारे घालून इस्त्री करायच्या. खिशाला दोन पेनं. बारा वाजता उठून जेवायचे, तीनला पुन्हा बसायचे. गावाकडून कोणीतरी बोलवायला येईल म्हणून. असं ते कधी म्हणाले नाहीत. पण रस्त्यावर जीप हळू झाली की हात टोपीकडे जायचा.

पहिल्या वर्षी एक माणूस खरंच आला. सोसायटीचा शिपाई, सायकलवरून. अण्णांनी त्याला लांबून ओळखलं. वहिनींना चहा टाकायला सांगितला, स्वतः आत जाऊन दुसरी टोपी घालून आले. शिपाई ओट्यावर बसला, चहा प्याला, पाऊसपाणी झालं. मग म्हणाला, "अण्णा, हापिसातल्या कपाटाची किल्ली तुमच्याकडं राहिली. बबनरावांनी मागितली."

अण्णांनी टोपी नीट केली. मग म्हणाले, "अर्ज दे म्हणावं."

शिपाई भला माणूस. त्याने खिशातून कागद काढला आणि विचारलं, "काय लिहू?" अण्णांनी मजकूर सांगितला, त्याने लिहिला, मा. चेअरमनसाहेब यांस. अण्णांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "विचार करून कळवू." शिपाई रिकाम्या हाताने गेला. तिकडे त्यांनी कुलूप फोडलं. किल्ली शेवटपर्यंत पेटीत होती. मला त्या शिपायाचं कौतुक वाटतं. माझ्याकडून असा अर्ज लिहून झाला नसता.

मग ती पत्रिका आली.

आमच्याकडे खेड्यातल्या लग्नपत्रिकेवर नवरा-नवरीपेक्षा पुढाऱ्यांची नावं जास्त असतात. आशीर्वाद कोणाचे, विनंती कोणाची, स्वागताला कोण. नाव कुठल्या ओळीत आहे त्यावर माणसं रुसतात. अण्णांची मेहुणी गावाजवळच दिलेली. तिच्याकडे आलेल्या पत्रिका मेहुणा कधीमधी आणायचा आणि अण्णा त्या पेपरसारख्या वाचायचे. कोण वर गेला, कोण खाली आला. त्या वैशाखात रामाच्या धाकट्या मुलीची पत्रिका आली. ज्याची बाग वाळली तो रामा. आशीर्वादाच्या पहिल्याच ओळीत अण्णांचं नाव होतं.

ते पत्रिका घेऊन माझ्याकडे आले. मी झेंडू तोडत होते. "भागाबाई, वाचा बरं." मी चौथीपर्यंत शिकले आहे, सावकाश वाचते. वाचलं. नाव होतं, पुढे चेअरमनही होतं.

"आता?" मी म्हटलं.

"आता काय? रामानं नाव घातलंय. म्हणजे गावानं घातलं."

वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "पत्रिका आपल्याला आलेली नाही."

"नाव छापलंय ना?"

"नाव छापलंय. पत्रिका आलेली नाही."

"तुला कळत नाही त्यातलं."

"बरं," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या जाणार नाहीत हे मला तेव्हाच कळलं.

अण्णा एस.टी.ने जायला तयार नव्हते. त्या गावात एस.टी.तून उतरणं बरं दिसत नाही म्हणाले. दत्तूचा फुलांचा टेम्पो काही फार बरा दिसत होता असं नाही, पण तो स्वतःचा असल्यासारखा गावात नेता येत होता. माझ्याकडून रामाच्या जावयासाठी गुलाबाचा हार करून घेतला, गुडघ्यापर्यंत येणारा. एकटे जायला त्यांना नको होतं, म्हणून मी बरोबर गेले. आणि मला लग्नातलं जेवण आवडतं, तेही एक.

ओझर मागे पडेपर्यंत ते बोलत होते. घर उघडल्यावर आधी कौलं बघायला हवीत. शेत वाट्याने दिलंय ते काढून घ्यावं लागेल. बबन वाईट नाही, फक्त त्याला पुढं बसवून चालवावं लागतं. दत्तू मला कोपराने डिवचत होता. मी त्याला म्हटलं, रस्ता बघ.

मांडवात काय झालं ते वर सांगितलंच. ते वाटेत उभे राहिले तेव्हा रामा स्वतः पुढे आला. काळा, काटक, डोक्याला गुलाबी फेटा. दंडाला धरून त्यांना बाजूला घेतलं. मी उठून जवळ गेले.

"माझं नाव होतं पत्रिकेत," अण्णा म्हणाले. माझ्या कानांवर त्यांचं "माझं" पहिल्यांदाच पडलं.

"प्रेसवाल्यानं घोळ केला, अण्णा. थोरलीच्या लग्नाची पत्रिका त्याला दिली, म्हणलं अशीच छाप. त्यानं पोरीचं बदललं, जावयाचं बदललं, बाकी नावं हाय तशी ठेवली. आठ दिवस झाले, ज्याला त्याला सांगत फिरतोय."

"म्हणजे तू नाही घातलंस."

"नाय," रामा म्हणाला. त्याने डोळे चोरले नाहीत की आवाज चढवला नाही. "पण आलात तर जेवल्याबिगर जाऊ नका. बुंदी हाय."

"आम्ही जेवून निघालोय."

ते सकाळपासून उपाशी होते. मी मात्र पंगतीला बसले. इतक्या लांब गेले होते आणि बोलावणारा मनापासून म्हणत होता.

जेवून आले तर अण्णा टेम्पोत बसलेले, हार मांडीवर. समोर वीस पावलांवर मारुतीचं देऊळ. दार उघडं, पुढे पारावर म्हातारी माणसं पान खात बसलेली. मी म्हटलं, "अण्णा, आलोच आहोत तर उतरा. सगळं गाव इथंच आहे. एक शब्द बोलायचा. दोन मिनिटांचं काम आहे."

त्यांनी देवळाकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. दत्तूने गाडी सुरू केली नाही, थांबला. मग अण्णा म्हणाले, "लोक जेवतायत."

हार त्यांनी टेम्पोतच ठेवला. दुसऱ्या दिवशी मी त्यातले गुलाब सोडवून इकडच्या देवळाबाहेर विकले. टाकून कसे देणार?

त्यानंतर ते रस्त्याकडे तोंड करून बसले नाहीत. खुर्ची फिरवून मळ्याकडे केली. कपडे वहिनी तसेच धुवायच्या, पण खळ लावणं त्यांनी बंद करायला सांगितलं. वर्षभराने सकाळी फुलं तोडायला बाया यायच्या तेव्हा तेही एक टोपली घेऊन यायला लागले. कोणी बोलावलं नव्हतं. तोडायचे वाईट. शेवंतीचं फूल देठाला नखाने खुडायचं असतं, ते ओढायचे आणि फांदी मोडायची. बाया म्हणायच्या, "अण्णा, तुम्ही नुसते बसा, आम्ही तोडतो." ते ऐकायचे नाहीत. दोन हंगामांनी हात बसला. बोलणं कमी झालं. पाहुणे येत नव्हते, मूलबाळ नव्हतं, मेहुणाही थकला होता. महिनेच्या महिने वहिनी आणि मी सोडून त्यांच्याशी बोलणारं कोणी नसे आणि मी काही बोलकी नाही.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. एका सकाळी आम्ही दोघं एकाच ओळीत तोडत होतो, मी एकीकडून, ते दुसरीकडून. त्यांच्या खोलीची खिडकी उघडी होती. ते म्हणाले, "पाणी मीच तोडलं."

मी विचारलं, "कुठलं?"

"खालच्या चारीचं. गेटची चावी माझ्याजवळ होती. रामा दोनदा आला होता घरी. पाया पडला. मी म्हणालो, अर्ज दे."

मी म्हटलं, "मला काय सांगता? माझी बाग नाही वाळली."

त्यांनी ओळ पुरी केली, टोपली ठेवली आणि गेले. मी जरा कठोर बोलले असं दत्तूची बायको नंतर म्हणाली. असेन. पण खरं तेच होतं.

हे बोलणं खिडकीतून वहिनींनी ऐकलं होतं. दुपारी त्यांनी अण्णांना सांगितलेलं मीही ऐकलं, भिंत पातळ होती. "तोंडातून निघालंय ना आता? मग चला उद्या. मी येते बरोबर. मारुतीपुढं उभे राहा आणि हेच म्हणा, एवढंच." दुसऱ्या दिवशी ते गेले नाहीत, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आठ दिवसांनी वहिनी एकट्याच एस.टी.ने गेल्या.

संध्याकाळी परत आल्या त्या आधी माझ्याकडे. पायरीवर बसल्या, पाणी प्याल्या. म्हणाल्या, "जाऊन आले. देवापुढं उभी राहिले आणि म्हणाले, आमचं चुकलं. पारावर पाच-सहाच माणसं होती. रामाला बोलावून आणलं कोणीतरी. तो म्हणाला, वहिनी, तुम्ही कशाला? तुमचं काय होतं त्यात? तुम्ही कधीपण या. घर तुमचंच हाय."

"आणि अण्णा?"

"त्यांनाही या म्हणाला. काही बोलायची गरज नाही म्हणाला, आता कोण धरून बसलंय. नुसते या म्हणाला."

मला वाटलं, झालं. दोन शब्दांसाठी इतकी वर्षं गेली आणि आता तेही लागणार नव्हते. वहिनींनी जाऊन सांगितलं तेव्हा अण्णा खुर्चीवर बसले होते. मी पायरीवरूनच बघत होते. ते म्हणाले, "जाऊन बसायचं कुठं?"

"घरात. घर आहे की आपलं."

"घरात नाही. बाहेर पडल्यावर. पारावर गेलो तर कुठल्या बाजूला बसू? सगळे सरकतील नाहीतर कोणीच सरकणार नाही. मला दोन्ही जमायचं नाही."

वहिनी पंधरा दिवस त्यांच्या मागे लागल्या. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत, रोज सकाळी एकदा विचारायच्या. मग एक दिवस विचारलं नाही आणि आपली पेटी भरली. मला म्हणाल्या, "भागाबाई, मी चाळीस वर्षं यांच्या मागनं चालले. गावातनं निघताना मला कोणी विचारलं नव्हतं. मला माझ्या चुलीपाशी मरायचंय." मी म्हटलं, जा. माझंही तेच मत होतं.

बसस्टँडवर मीही गेले होते, फुलबाजारातून परस्पर. निफाडची गाडी लागलेली. अण्णांनी पेटी उचलून आत ठेवली, स्वतः. खिडकीतून पिशवी दिली. पाण्याची बाटली दिली. वहिनी आतून म्हणाल्या, "अजून जागा आहे इथं." शेजारची जागा खरंच रिकामी होती, त्यांनी तिथे रुमाल टाकून ठेवला होता. अण्णा दाराशी गेले. दांडी धरली, एक पाय पायरीवर ठेवला. कंडक्टर मागून आला, म्हणाला, "बाबा, चढताय का? घंटी देतो."

अण्णांनी पाय खाली घेतला. म्हणाले, "नाही. बाईंचं एकच तिकीट."

गाडी मागे सरकली तेव्हा ती फिरवायला जागा हवी म्हणून लोकांनी त्यांना हाताने बाजूला केलं. तिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. ते फलाटाच्या कडेला उभे राहिले, गाडी फाटकातून बाहेर पडली तरी तिकडेच बघत. मग मला म्हणाले, "तुम्ही जा पुढे. मी येतो चालत." गर्दीत त्यांची टोपी थोडा वेळ दिसली. मी रिक्षा केली. माझ्याजवळ रिकाम्या टोपल्या होत्या.

त्यानंतर ते चार वर्षं त्या खोलीत एकटे राहिले आणि थंडीच्या दिवसांत तिथेच गेले. वहिनी आल्या होत्या. गावाला न्यायचं का, असं रामाने विचारलं, तो गाडी घेऊन आला होता. वहिनी म्हणाल्या, त्यांना यायचं नव्हतं. पंचवटीत अमरधामला, स्मशानात नेलं. आता रामाही नाही. सुमनवहिनी त्यांच्या घरात आहेत आणि मी माझ्या.